बाबांची चार हजार पावलं गेली कुठे?

तीन हजार आठशे चाळीस.

संध्याकाळचे सात. हिंजवडीतला तो जगप्रसिद्ध ट्रॅफिक जॅम. कंपनीची बस जागची हलायला तयार नाही आणि माझ्या मोबाइलवर हा आकडा. आकडा माझा नव्हता. माझा त्याहूनही वाईट होता, पण स्वतःच्या आकड्यावर कोण चिडतं? हा होता सातशे किलोमीटरवरच्या खापरखेड्यात राहणाऱ्या माझ्या बाबांचा. साखर बॉर्डरला आलेली, डॉक्टरांनी रोज भरपूर चाला म्हणून सांगितलेलं, आणि हे महाशय चार हजारांवरसुद्धा जायला तयार नाहीत!

बसमधूनच फोन लावला.

"बाबा, आज परत चार हजारपण नाही?"

"चार कसे? आठ झाले असतील. ग्राउंडच्या पूर्ण चकरा मारल्या ना मी. मग बाजारातही जाऊन आलो."

"बँड तर तीन हजार आठशे दाखवतोय."

"मग बँड चुकून राहिला असंल."

"बँड कसा चुकेल बाबा? मशीन आहे ते!"

पलीकडे जरा वेळ शांतता. मग "हव" एवढंच म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

आता तुम्हाला बाबा काय काम करायचे ते सांगते, म्हणजे मी किती मोठा विनोद केला होता ते कळेल. नागपूरहून सावनेरच्या बाजूला निघालं की आधी कोराडी लागतं आणि थोडं पुढे आमचं खापरखेडा. दोन्हीकडे औष्णिक वीज केंद्रं. लहानपणी आम्हा मुलांना दिशा कळायच्या त्या चिमण्यांवरून. खापरखेड्याचे २१० मेगावॅटचे चार संच आणि नंतर आलेला ५०० चा एक, असे मिळून १३४० मेगावॅट. बाबा तिथे कंट्रोल अँड इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये. म्हणजे प्लांटमध्ये जिथे जिथे प्रेशर, टेम्परेचर, लेव्हल मोजतात, ती मीटरं खरं बोलतायत की नाही हे बघणं. २०२१ मध्ये रिटायर झाले, क्वार्टर सोडलं, गावात आमच्या घरी राहायला आले. ज्या माणसाने नोकरीची सगळी वर्षं 'मशीन चुकतं कसं आणि चुकलं की पकडायचं कसं' एवढंच केलं, त्याला मी बसमध्ये बसून ऐकवत होते की मशीन चुकत नाही. धन्य!

तर बँडची गोष्ट. २०२३ च्या जूनमध्ये ऑनलाइन सेल लागला होता. दोन घेतले. एक माझ्यासाठी (आपण पण फिट व्हायचं, हा दर सहा महिन्यांनी येणारा झटका), एक बाबांसाठी. अ‍ॅपमध्ये आमचा फॅमिली ग्रुप केला. रोज कोण किती चाललं ते एकमेकांना दिसणार. मला ती आयडिया जाम आवडली होती. रोज फोन करायला वेळ होतोच असं नाही, निदान आकडा बघितला की कळतं, सगळं ठीक आहे. हल्ली आपल्यापैकी किती जणांचं आईवडिलांशी नातं असं एका अ‍ॅपच्या आकड्यावर चालू आहे कोण जाणे. असो.

पहिला आठवडा उत्साहात गेला. मग लक्षात आलं की बाबांचा आकडा कधी चार हजारांच्या पुढे जातच नाही. मग सुरू झाली फोनवरची टेक-सपोर्ट! ज्यांनी आईवडिलांना फोनवरून अ‍ॅपचं सेटिंग सांगितलंय, त्यांना पुढच्या परिच्छेदात काय यातना आहेत ते सांगायला नको.

"बाबा, पट्टा सैल आहे का?" नाही. एक बोट जाईल एवढा. मनगटाच्या हाडाच्या थोडा वर, सांगितलं तसाच. "कोणत्या हातात घालता?" डाव्या. घड्याळ घालायचो तिथेच. मग सेटिंगमध्ये जा, तिथे हात कोणता ते विचारलेलं असतं. ते आधीपासून बरोबर. सॉफ्टवेअर अपडेट करा. केलं. बंद करून चालू करा. केलं. एकदा पूर्ण रीसेटसुद्धा झालं, त्यात तीन दिवसांचे आकडे उडाले आणि बाबा दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते. मग मी उंची बदलायला लावली. हा माझा शुद्ध वेडेपणा. उंचीवरून बँड पावलाची लांबी धरतो आणि किलोमीटर काढतो, पावलांच्या संख्येशी त्याचा काही संबंध नसतो. हे मला बाबांनीच सांगितलं, दोन मिनिटं विचार करून. "अगं, उंची वाढवली तर अंतर वाढंल. पावलं कशी वाढतील? पावलं तर मोजलेली असतात ना." मी म्हटलं, बरोबर. मनात म्हटलं, मग तुम्ही चालतच नाही, दुसरं काय.

मध्ये एकदा भारीच गंमत झाली. बाबा आंघोळीला गेले तेव्हा बँड टेबलावर होता, तो आईने सहज हातात चढवला आणि दिवसभर काढलाच नाही. घराच्या फाटकाबाहेर पाऊल नाही आणि रात्री आकडा ११ हजार चारशे! त्या दिवशी घरात पाहुणे होते, आईने तीस-पस्तीस पोळ्यांची कणीक मळली होती, लाटल्या होत्या, भांडी घासली होती. आई खूश. "मी सांगतच असते, मी दिवसभर चालतच असते, तुम्हाला कोणाला दिसत नाही!" बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. ते बँडकडे बघून म्हणाले म्हणे, "हे भैताड आहे."

आणखी एक. बाबा स्कूटरवर कोराडीपर्यंत जाऊन आले की त्यांच्या पावलांत तीनचारशेची भर पडायची. खड्ड्यांची. म्हणजे खुर्चीत बसल्यासारखं स्कूटरवर बसलेलं असताना हा मोजतो आणि चालताना मोजत नाही. बाबा हसत हसत सांगत होते, मी मात्र ते अ‍ॅपवरून नोंदवून घेत होते : म्हणजे खरी पावलं त्याहूनही कमी!

इथे थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण मला ती खूप उशिरा कळली. बँड पावलं मोजत नाही. त्याला बिचाऱ्याला पाय कुठे दिसतात? तो मनगटावर बसलेला. त्याच्या आत नखाहूनही लहान एक चिप असते. पुढे-मागे, वर-खाली, डावी-उजवीकडे अशा तिन्ही दिशांना बसणारे धक्के ती टिपते. आपण चालतो तेव्हा हात झुलतो, टाच टेकली की छोटा झटका अंगातून वर येतो आणि त्या सगळ्याची एक लयदार लाट तयार होते. ती लाट 'चालण्यासारखी' दिसली की सॉफ्टवेअर म्हणतं, झालं एक पाऊल. म्हणून तर लाटणं फिरवलं तरी पाऊल आणि खड्ड्यात आपटलं तरी पाऊल. उलट हात स्थिर असला, की पाय कितीही चालोत, बँडचा गोंधळ होतो. मॉलमध्ये ट्रॉली ढकलताना, हात खिशात घालून चालताना, जिन्याचा कठडा धरून चढताना, भाजीची जड पिशवी त्याच हातात असताना तो पावलं गाळतो. फार सावकाश चालणाऱ्यांचीही गाळतो. आणि बरेचसे बँड सलग काही पावलं पडेपर्यंत मोजायला सुरुवातच करत नाहीत, त्यामुळे घरातल्या घरातलं, ओट्यापासून फ्रिजपर्यंतचं चालणं हिशोबात येतंच असं नाही.

तर जूनपासून ऑक्टोबरपर्यंत आमचं हे असं चाललं होतं. मी रोज संध्याकाळी आकडा बघायची, चिडायची, कधी लाडीगोडी, कधी दम. एकदा तर "तुम्हाला माझ्या लग्नात नाचायचंय की नाही" हे ब्रह्मास्त्रही सोडून झालं. बाबा म्हणायचे, चाललो. मी म्हणायचे, दिसत नाहीये. शेवटी शेवटी ते चाललो असं म्हणणंही सोडून दिलं होतं त्यांनी. "उद्या जास्त चालतो" म्हणायचे. आता ते वाक्य आठवलं की मला ऑफिसमध्ये बसल्या बसल्या कसंतरी होतं.

आणि हे सगळं कशासाठी? दहा हजारांसाठी. तो जादूचा आकडा आला कुठून माहितीये? १९६५ मध्ये जपानमध्ये यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावायचं पाऊलमापक काढलं. आदल्याच वर्षी टोकियोला ऑलिम्पिक झालेलं, सगळ्यांना फिट व्हायचं होतं. यंत्राचं नाव ठेवलं 'मानपो-केई', म्हणजे चक्क 'दहा हजार पावलांचं मीटर'. नाव चाललं, आकडा रूढ झाला. २०१९ मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली यांच्या टीमने सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांहून जास्त अमेरिकन बायकांची पावलं मोजून अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिवसाला साधारण चार हजार चारशे पावलं चालणाऱ्यांचा मृत्युदरसुद्धा सत्तावीसशेवाल्यांपेक्षा बराच कमी दिसला आणि साडेसात हजारांच्या आसपास तो फायदा स्थिरावला. म्हणजे मी ज्या आकड्यासाठी बाबांच्या डोक्याला शॉट देत होते, तो एका प्रॉडक्टचं नाव होतं.

दिवाळीला घरी गेले. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये आंबून सकाळी नागपूर, तिथून खापरखेडा. बाबा दारातच उभे. बॅग घ्यायला पुढे आले, उजव्या हाताने. चहा झाला, आईच्या सांबारवड्या झाल्या (पुण्यातल्या वाचकांनो, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीबरोबरचं ते नव्हे!) आणि मी लगेच विषय काढला. "उद्या मी येते तुमच्याबरोबर फिरायला." मनात हेच, की बघू या किती चालतात ते.

बाबा म्हणाले, "ये ना. मी पण तेच म्हणणार होतो. टेस्ट घेऊ आपण त्याची."

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला बाबा तयार. स्वेटर, कानटोपी आणि शर्टच्या खिशात दहा चिंचोके. हे कशाला? तर शंभर पावलं झाली की एक चिंचोका वरच्या खिशातून पँटच्या खिशात टाकायचा. दहा संपले की हजार. "मोजताना माणूस चुकते, ते शंभरच्या पुढे. शंभरपर्यंत कोणी चुकत नाही."

मला त्यावरून नैन सिंग रावत आठवले. कुमाऊँचे हे शाळामास्तर १८६५ मध्ये ब्रिटिशांच्या सर्व्हेसाठी वेष बदलून तिबेटकडे निघाले आणि १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोचले. हातात जपाची माळ, पण १०८ नाही, १०० मण्यांची. दर शंभर पावलांना एक मणी. माळ पूर्ण झाली की दहा हजार पावलं, म्हणजे पाच मैल. दोन हजार पावलांचा मैल होईल अशी चाल त्यांच्या अंगात मुरवलेली होती. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, त्या सर्व्हेचा पहिला साहेब आपल्या हिंगणघाटलाच पुरला आहे. बाबांचं आजोळ हिंगणघाटचं. खरं आहे, विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये तिथेच गेला. बापलेकी पहाटेच्या अंधारात, चिमणीच्या लाल दिव्यांखाली असल्या गप्पा मारत चाललोय आणि मध्येच बाबा हात वर करून 'थांब' म्हणतायत, कारण शंभर झाले. सही वाटत होतं एकदम.

पहिली हजार पावलं. चिंचोके दहा. बाबांच्या पँटच्या उजव्या खिशातला मोबाइल : ९९१. डाव्या मनगटावरचा बँड : ५१४.

मी गप्प. म्हणजे बाबा खरंच आठ हजार चालत होते. चार महिने.

बाबांना मात्र माझ्या चेहऱ्याशी घेणंदेणं नव्हतं, ते ड्युटीवर होते. "आता बदलू. तुझा बँड मला दे, माझा तू घाल." मी विचारलं, कशाला? ते म्हणाले, "बॉयलरच्या ड्रम लेव्हलला एका मीटरवर कोणी विश्वास ठेवत नाही. तीन तीन ट्रान्समीटर असतात. एक वेगळं बोललं तर उरलेले दोन त्याला पकडतात. आणि तरी डाउट असला तर अदलाबदल करायची. चूक मीटरसोबत गेली तर मीटर खराब. चूक जागेवरच राहिली तर..." ते पूर्ण बोलले नाहीत, चालायला लागले.

पुन्हा हजार. त्यांचा 'खराब' बँड माझ्या मनगटावर : १,००२. माझा 'चांगला' बँड त्यांच्या डाव्या मनगटावर : ५३७.

चूक जागेवरच राहिली होती.

तिसऱ्या हजाराला बँड त्यांच्या उजव्या हातात. ९७८. आता तर काही प्रश्नच उरला नाही, मी म्हटलं, "सुटला प्रॉब्लेम! उजव्या हातात घाला आणि मजा करा." टेक-सपोर्टच्या भाषेत तिकीट क्लोज. एखाद्या अनोळखी माणसाला मी हेच सांगितलं असतं आणि ते चूकही नव्हतं. तुमचा बँड कमी मोजत असेल तर हात बदलून बघा, पँटच्या खिशात ठेवून बघा, हजार पावलं स्वतः मोजून ताळा करा. नव्वद टक्के भांडणं तिथेच मिटतील.

पण बाबा विचार करत पुढे चालत होते आणि मी चार पावलं मागे राहिले होते. नुकतं उजाडलं होतं. त्यांची पाठ मला दिसत होती. उजवा हात मस्त झुलत होता, पुढे-मागे, घड्याळाच्या लंबकासारखा. डावा हात अंगाला चिकटून होता. कोपरात किंचित वाकलेला. नुसता लटकलेला. पाय चालत होते, उजवा हात चालत होता, डावा हात चालतच नव्हता.

"बाबा, डावा हात दुखतो का?"

"दुखत नाही. जरा जड झाला आहे. खांदा आखडला असंल."

म्हणून चिंचोके उजव्या खिशात टाकत होते. म्हणून बॅग उजव्या हाताने. आईला विचारलं तर ती म्हणाली, सहा-आठ महिन्यांपासून आहे, मी तेल लावून देते ना रोज. मग त्यांनी मला त्यांची वही दाखवली. त्यांनी जुलैपासून रोजची रीडिंग लिहून ठेवली होती : तारीख, चकरा, अंदाजे पावलं, बँडची पावलं. मला पुराव्यादाखल दाखवायची होती म्हणे. मी वही उलटत गेले. जुलैमधलं अक्षर मोठं, टपोरं, मला लहानपणापासून माहीत असलेलं. ऑक्टोबरच्या पानावर तेच अक्षर बारीक होत होत मुंगीएवढं झालेलं. प्रत्येक ओळ सुरुवातीला मोठी आणि शेवटी बारीक. "कागद वाचवून राहिले का?" मी हसत विचारलं. ते म्हणाले, "नाही, तसंच येते आता."

दिवाळी संपल्यावर रामदासपेठेत एका न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. नागपुरात डॉक्टर म्हटलं की पाय आपोआप रामदासपेठ-धंतोलीकडे वळतात. डॉक्टरांनी बँड बघितलासुद्धा नाही. बाबांना पॅसेजमध्ये चालायला लावलं, वळून परत यायला सांगितलं. मग अंगठा आणि तर्जनी पटापट टेकवायला लावली, आधी उजवी, मग डावी. मनगट धरून हलवून बघितलं. एक वाक्य लिहायला दिलं. वास येतो का नीट, असं विचारलं तर बाबा हो म्हणाले आणि आई म्हणाली, "कुठला येतो? परवा फोडणी करपली, समोर बसलेले असून यांना पत्ता नाही."

पार्किन्सन्स. सुरुवातीची अवस्था, डाव्या बाजूने.

माझ्या डोक्यात पार्किन्सन्स म्हणजे हात थरथरणं, एवढंच होतं. बाबांचा हात तर कधीच थरथरला नाही. डॉक्टर म्हणाले, कंप सगळ्यांनाच असतो असं नाही, आणि सुरुवात बहुतेक वेळा एकाच बाजूने होते. चालताना हात झुलवणं आपण ठरवून करत नाही, मेंदू परस्पर करतो. त्या कामाला डोपामिन नावाचं रसायन लागतं आणि ते तयार करणाऱ्या पेशी कमी व्हायला लागल्या की अशी न सांगता होणारी कामं आधी मंदावतात : हाताचा झोका, अक्षराचा आकार, चेहऱ्यावरचे भाव. १८१७ मध्ये लंडनच्या जेम्स पार्किन्सनने या आजारावर निबंध लिहिला तेव्हा त्याने रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांना नुसतं बघूनही काही केसेस टिपल्या होत्या. मी चार महिने अ‍ॅप बघत होते.

डॉक्टरांनी हेही ठणकावून सांगितलं की बँडने कमी मोजलं म्हणून कोणी पार्किन्सन्स झाला असं समजून धावत येऊ नका. खरंच खांदा आखडलेला असतो, सवय असते, हातात पिशवी असते. आपल्याकडे लोकांना अर्धी माहिती आणि पूर्ण टेन्शन घ्यायची हौस, त्यामुळे हे मी इथे मुद्दाम लिहितेय.

परतीच्या टॅक्सीत आई पुढे बसली होती, खिडकीबाहेर बघत. मी बाबांना सॉरी म्हटलं. नीट म्हणताही आलं नाही, रडायलाच आलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझी काही चूक नाही. मीटर बरोबर होतं आणि मी पण बरोबर होतो. त्याच्यावर टॅग चुकीचा लावला होता कोणीतरी. पावलं असं लिहिलं होतं, आणि होतं ते डाव्या हाताचं मीटर." मग आईकडे बघून, "चहा घ्यायचा का कोराडीले?"

गोळ्या सुरू झाल्या. वेळेवर घ्याव्या लागतात, घड्याळ लावून. फिजिओथेरपिस्टने सांगितलं, चालायचं तर आहेच, पण मोठी पावलं टाकून आणि हात ठरवून जोरात हलवून. परेडसारखं. बाबांना सुरुवातीला लाज वाटायची, ग्राउंडवर त्यांचे जुने सहकारी असतात. मग त्यांनी सगळ्यांना सांगूनच टाकलं आणि आता त्यातले दोघंतिघं त्यांच्याबरोबर परेड करतात म्हणे.

मी पुण्याला निघताना म्हटलं, आता तरी बँड उजव्या हातात घाला, म्हणजे आकडा बरोबर येईल. नाही म्हणाले. माझा बँडसुद्धा ठेवून घेतला. एक उजव्या हातात, एक डाव्या. वहीत आता दोन रकाने आहेत आणि तिसरा फरकाचा. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय की या आकड्यावरून मी गोळीचा डोस ठरवणार नाही. बाबा म्हणाले, ठरवू नका, मी फक्त लॉगबुक भरून राहिलो. आकडा एकसारखा वाढत नाही. एखाद्या आठवड्यात डाव्याची हजारातली सातशे होतात, मग थंडीत किंवा झोप झाली नसेल तेव्हा परत सहाशेवर. एकदा पाचशे ऐंशी झाली तेव्हा त्यांनी फोनवर ते इतक्या सहज सांगितलं की मला कळलं, त्यांनी ते सांगायची प्रॅक्टिस केली होती.

दोन बँड एका अकाउंटला लावले की अ‍ॅपचा फार गोंधळ होतो, म्हणून त्यांनी स्वतः खटपट करून दुसरं अकाउंट काढलं. आता आमच्या फॅमिली ग्रुपमध्ये तीन मेंबर आहेत : 'बाबा उजवा', 'बाबा डावा' आणि मी. (मी नवा बँड घेतला. सेलमध्येच.)

काल रात्री साडेनऊला, मी अजून ऑफिसमध्ये, रिलीजचं टेन्शन, समोर थंड झालेला पिझ्झा. मोबाइल वाजला. ग्रुपचा दिवसाचा निकाल : बाबा उजवा ७,९१०, बाबा डावा ५,२६०, मी २,९०४. पाठोपाठ बाबांचा मेसेज.

"डाव्यानेही हरवलं ना तुला!"